पौनीकर सरांचं नाक

दुर्गेश पौनीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉलेजच्या जिन्यात डोळे मिटून संत्र्याची साल हुंगत उभे होते. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात माझा तो पहिला दिवस. मी स्वयंपाक शिकवायला आले होते. ते वाईन आणि टेबलावरची सेवा शिकवत. मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो. त्यांनी डोळे उघडले, साल माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "मॅडम, ही अंबिया बहाराची नाही. मृगाची आहे. घेऊन पाहा."

मी हुंगलं. मला संत्र्याचा वास आला, एवढंच; कोणत्या हंगामाचं ते कळलं नाही.

नागपुरात वाईन शिकवणं म्हणजे तसं हास्यास्पदच काम. इथे लग्नाच्या पार्टीत बियरचे खोके उतरतात, वाईनची बाटली कोणी आणली तर ती कपाटात शोभेला राहते. उन्हाळ्यात पारा सेहेचाळीसवर गेला की सर कॉलेजच्या चार बाटल्या घरी नेऊन फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवत आणि जयाताई, म्हणजे त्यांच्या बायको, मेथी कुठे ठेवू म्हणून ओरडत. त्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नर्स होत्या. दोघंही दारूला शिवत नसत. सर वर्गात वाईन तोंडात घेत, घोळवत आणि स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, थुंकत. मुलांनाही तसंच करायला लावत, तेही एकवीस पूर्ण झालेल्यांनाच. बाकीच्यांनी नुसता वास घ्यायचा.

सर मूळचे नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याचे. वडील बाबाराव हातमागावर बसत, आई यमुताई सुताला लावायची खळ शिजवायच्या. खळ आंबली की सूत वाया जातं, आणि यमुताईंना सर्दीचा त्रास. त्यामुळे सहा वर्षांच्या दुर्गेशला ओट्याजवळ बोलावून त्या म्हणायच्या, "पाह्य बरं रे, चालते का अजून?" पोराने भांड्यावर वाकून सांगायचं, चालते किंवा नाही चालत. ते कधी चुकले नाहीत असं यमुताई मला स्वतः सांगत होत्या, मी एकदा खाप्याला गेले होते तेव्हा.

पुढे ते शिकून सदरमधल्याच एका हॉटेलात वेटर झाले. हॉटेलने एका वर्षी त्यांना नाशिकला पाठवलं, वाईनच्या स्पर्धेत मदतीला. ही स्पर्धा काय असते ते मलाही त्यांच्याकडूनच कळलं. देशभरातले वाईन बनवणारे आपल्या बाटल्या पाठवतात. बाटल्यांवर कापडी पिशव्या चढवून नुसते नंबर लावतात, आणि परीक्षक नाव न बघता वास आणि चव घेऊन गुण देतात. ज्यांना पदक मिळतं त्यांचा माल खपतो. पण सरांना त्या पदकांचं काही नव्हतं. वाईनवाल्यांनी भरलेल्या फीमधला एक हिस्सा तिथे शिष्यवृत्तीसाठी बाजूला निघतो. मागच्या खोलीत बाटल्या उघडायला, ग्लास भरायला हॉटेलची आणि कॉलेजची मुलं लागतात. परीक्षण संपलं की उरलेल्या बाटल्या याच मुलांपुढे मांडून परीक्षक त्यांना तासभर शिकवतात. शिवाय मुलांची वेगळी स्पर्धा असते. पाच ग्लास समोर येतात, काय आहे ते ओळखायचं, कारणासकट लिहायचं. पहिल्या दोघांना वाईनच्या शिक्षणाचा खर्च आणि एखाद्या वायनरीत हंगामभर काम.

त्या वर्षी खाप्याचा वेटर दुसरा आला. त्याने शिक्षण पुरं केलं, दिंडोरीला एक हंगाम काढला, तिथे नोकरीही मिळत होती. पण ते परत आले. का परत आलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी तिथं राहिलो असतो तर आपल्या इकडचा एक माणूस राहिला असता, मॅडम. इथून दरवर्षी दोन पाठवता येतात."

आणि त्यांनी पाठवले. दरवर्षी जानेवारीत रेल्वेने नाशिकरोड, सोबत सहा-सात मुलं: दोन स्पर्धेला, बाकीची मागच्या खोलीत कामाला. अकरा वर्षांत त्यांच्या नऊ मुलांना शिष्यवृत्ती मिळाली. एक गोव्याला आहे, एक जहाजावर, एक पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात वाईन निवडते. कोणाचा बाप ऑटो चालवत होता, कोणाची आई मेस. या मुलांनी घरी वाईन कधी पाहिलीही नव्हती.

कॉलेजकडे बाटल्या विकत घ्यायला पैसे नसायचे. म्हणून सरांनी होमिओपॅथीच्या औषधाच्या रिकाम्या शिश्या जमवल्या होत्या, चौपन्न. एकीत कवठाचा गर, एकीत मोहाचं वाळलेलं फूल, एकीत दगडफूल, कापूर, चामड्याचा तुकडा, कूलरच्या ताट्यांमधला वाळा. मुलांनी डोळे बांधून वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. पुस्तकात परदेशी फळांची नावं असायची. सर म्हणत, "जे फळ तू खाल्लंच नाही त्याचं नाव काहून सांगतेस? तुले टेंभुर्णीसारखं वाटलं तर टेंभुर्णी लिही." एका परीक्षकाने नाशिकहून फोन करून विचारलं होतं, कवठ म्हणजे नेमकं काय. पुढच्या वर्षी सर पिशवीत चार कवठं घेऊन गेले.

एप्रिल २०२१मध्ये त्यांच्या घरात कोरोना आला. नागपुरात तेव्हा काय दिवस होते ते सांगण्यात अर्थ नाही. जयाताई वॉर्डात ड्युटीला, सर घरातल्या खोलीत बंद. त्याच आठवड्यात खाप्याला यमुताई गेल्या. सरांना जाता आलं नाही, भावाने सगळं उरकलं. वीस दिवसांनी बरे होऊन ते खाप्याला पोचले तेव्हा वहिनीने आईचं एक लुगडं त्यांच्यासाठी ठेवलं होतं, न धुता. सरांनी ते दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग घडी घालून पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "चला." जयाताई शेजारी उभ्या होत्या. सर रडले नाहीत याचं त्यांना आश्चर्य वाटलं. गाडीत बसल्यावर त्यांना कळलं की सरांना लुगड्याचा वासच आला नव्हता. त्यांनी विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही. डॉक्टरांनी म्हटलं होतं म्हणे, येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो.

हे मला फार उशिरा कळलं. पण कळायला हवं ते त्याआधीच कळलं होतं. कॉलेज उघडल्यानंतरची गोष्ट. माझ्या किचनमध्ये एका मुलाने दोन दिवसांपूर्वीचं सूप झाकून तसंच ठेवलं होतं. झाकण काढलं तशी मुलं नाकाला रुमाल लावून बाहेर पळाली. तेवढ्यात पौनीकर सर डबा घेऊन आले, त्याच टेबलाशी बसले आणि पोळीभाजी खाऊ लागले. "आज बाहेर का सगळे?" असंही त्यांनी विचारलं. मी पातेलं उचलून मोरीकडे नेलं. मी काही बोलले नाही. सर्दी असेल, असं मनाला सांगितलं. त्यानंतर वर्षभर मी तेच सांगत राहिले.

ते शिकवत राहिले, आणि चांगलं शिकवत राहिले, ही त्यातली अवघड गोष्ट. शिश्यांवर नंबर होते, ते त्यांना पाठ होते. वाईनच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली की तिच्यात काय असणार हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. ग्लास हलवायचा, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं, आणि जे असायला हवं ते सांगायचं. कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

याच काळात रितिका त्यांच्या वर्गात होती. रितिका रामटेके, खापरखेड्याची. वडील धोंडबा वीज केंद्रात कंत्राटी कामगार, राखेच्या पाइपलाइनवर. बारीक, गप्प मुलगी. पहिल्या तासाला शिशी नाकाशी धरून म्हणाली, "सर, माह्या नाकात राखच आहे. मले नाही येत काही."

सर म्हणाले, "रोज सकाळी दारात पाच मिनिटं उभी राह्य. राख सोडून अजून काय वास येते ते लिहून आण."

पहिल्या दिवशी तिने दोन शब्द आणले. महिन्याभराने ती पान भरून आणू लागली. शेजारच्या घरची भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सायकलच्या साखळीचं तेल, ओल्या बकऱ्या, लोखंडी पाण्याची टाकी सकाळी आणि तीच टाकी दुपारी. सर ते कागद वर्गात वाचून दाखवायचे. माझ्याकडे येऊन म्हणाले होते, "मॅडम, माझ्यापेक्षा चांगलं नाक आहे पोरीचं." तेव्हा त्यांना स्वतःला वासच येत नव्हता. तरी ते खरंच बोलत होते.

धोंडबांच्या घरी दारूला हात लावायची पद्धत नाही. वर्गात वाईन आहे म्हटल्यावर ते कॉलेजात येऊन सरांना भेटून गेले होते. सरांनी त्यांना थुंकायचा गंज दाखवला, शिष्यवृत्तीचा कागद दाखवला. धोंडबा सगळं ऐकून म्हणाले, "शिक्षणच आहे म्हणता तर शिकवा."

डिसेंबर २०२२. जानेवारीच्या स्पर्धेसाठी दोन नावं द्यायची होती. रितिकाचं शेवटचं वर्ष, म्हणजे तिला ही एकच संधी. तिचं नाव जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. निवडीच्या दिवशी सरांनी तीन बाटल्या आणल्या. मी ग्लास परत न्यायला आले होते, म्हणून मागे उभी होते.

तिसरी लाल वाईन होती. मुलांनी लिहिलं. सरांनी स्वतः वास घेतला, डोळे मिटले, थांबले. मग कागद एकेक वाचू लागले. मिरी, पिकलेलं बोर, थोडी जांभळाची साल. बहुतेकांनी असंच लिहिलं होतं; सर आधीच म्हणाले होते की ही शिराज द्राक्षाची आहे, आणि शिराजमध्ये काय शोधायचं ते मुलांना पाठ होतं. मग रितिकाचा कागद आला.

"ओला पुठ्ठा," सरांनी वाचलं. "बंद खोली. फळाचा वास नाही. बाटली खराब आहे."

सरांनी ग्लास पुन्हा उचलला. या वेळी त्यांनी बराच वेळ वास घेतला. मग ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "घाई केलीस, रितिका. वाईन बरोबर आहे."

"सर, मले खरंच..."

"बरोबर आहे म्हटलं ना."

तिने मान खाली घातली. मग ग्लास उचलून पुन्हा हुंगला, पुन्हा एकदा हुंगला, आणि वहीतही तेच लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. सगळे गेल्यावर मी ग्लास गोळा केले. तिसरा ग्लास नाकाशी आणला तर मलाही, जिला संत्र्यासंत्र्यातला फरक कळत नाही तिलाही, ओल्या खोक्याचा वास आला. कॉर्क बिघडलं की वाईनला तसा वास येतो. मी ग्लास धुतले. त्या वेळी मी सरांच्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर पुढचं टळलं असतं. मी गेले नाही. त्यांची लाज राखली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर नावं लागली. हर्षित आणि आणखी एक मुलगा. हर्षित कष्टाळू होता, त्याचा यात काही दोष नव्हता. रितिका त्या दिवसापासून कॉलेजात आली नाही.

तिसऱ्या दिवशी सर माझ्या किचनमध्ये आले. दार लोटून घेतलं. "ती उरलेली बाटली मी घरी नेली होती," म्हणाले. "जयाले म्हटलं, याचा वास घेऊन सांग. ती म्हणाली, भिजलेल्या खोक्यासारखा येऊन राहिला."

मी बटाटे सोलत होते. हात थांबला.

"मला वास येत नाही हे तुम्हालाही माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"ते सूप नासलं होतं तेव्हापासून."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "माझ्यासोबत खापरखेड्याला याल का? मुलीचं घर आहे. एकट्याने जाणं बरं नाही दिसत."

आम्ही बसने गेलो. दुपारची वेळ होती. चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता आणि रस्त्याकडेच्या पळसाच्या पानांवर राखेचा थर होता. धोंडबा नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांनी दोन खुर्च्या पुसून दिल्या, स्वतः पलंगाच्या कडेला बसले.

"सर, काय झालं म्हणा तरी," ते म्हणाले. "पोरगी धड जेवत नाही. विचारलं तर म्हणते, माह्यं नाक खोटं आहे. परवा म्हणे मले दवाखान्याच्या काउंटरवर बिलं करायची नोकरी भेटते, तिथं जातो."

"तिला बोलवा," सर म्हणाले.

"रितिका, ये वं बाहेर. सर आले."

ती दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. सरांनी सगळं सांगितलं. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासूनचं. शिश्यांवरच्या नंबरांचं. बाटलीवरची चिठ्ठी वाचून वास सांगायचं. ते तिच्याकडे बघत नव्हते, फरशीकडे बघून सांगत होते, आणि मध्येच त्यांचा आवाज इतका खाली जायचा की धोंडबा पुढे वाकत. शेवटी म्हणाले, "तू बरोबर होतीस. मला कळत नव्हतं, आणि मला कळत नाही हे वर्गाला कळू नये म्हणून मी तुला चूक ठरवलं."

मग रितिका म्हणाली, "तुमी मले खोटं ठरवलं त्याचं मले एवढं नाही वाटत, सर. तुमी म्हटल्यावर मी पुन्हा हुंगून पाह्यलं. तरी तोच वास येत होता. तरी मी खोडलं. त्याचं वाटते."

धोंडबांनी उठून पाणी आणलं. त्यांनी सरांच्या हातात पेला दिला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला, सरांची बोटं त्याभोवती नीट बसेपर्यंत.

नावं बदलता आली नाहीत. यादी नाशिकला गेली होती. सरांनी प्रिन्सिपलना सांगितलं, मग स्पर्धेच्या लोकांना स्वतः पत्र लिहिलं, खरं कारण घालून. उत्तर सभ्य होतं: नियम आड येतो, क्षमस्व. मागच्या खोलीत मात्र दोन मुलं अजून हवी होती.

रितिकाने फोनवर विचारलं, "म्हणजे ग्लास धुवायचे का?"

"भरायचे. आणि धुवायचेसुद्धा," सर म्हणाले. "मीही तिथूनच सुरू केलं होतं. पण तुला नको वाटत असेल तर नको."

तिने दोन दिवस घेतले. मग आली. सरांसाठी आली असं मला नाही वाटत. तिला त्या वासाची खात्री करून घ्यायची होती.

मुलींसोबत म्हणून त्या वर्षी मीही गेले. मागची खोली म्हणजे एक लांबट हॉल, पाचशेच्या वर बाटल्या, टेबलांवर शेकडो ग्लास. तिथली मुख्य होती रीना, पस्तिशीची, झपझप चालणारी. तीही कधीकाळी इथेच ग्लास भरत होती आणि इथल्याच शिष्यवृत्तीवर शिकली होती. पहिल्या सकाळी अकराच्या सुमारास रितिका एक बाटली ओतताना थांबली. रीनाकडे गेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हिच्यात पुठ्ठ्याचा वास आहे."

रीनाने वास घेतला, बाटली बाजूला केली, त्याच नंबरची दुसरी उघडली. दुपारी पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा रितिका म्हणाली तेव्हा रीनाने मान हलवली: "ही ठीक आहे. हिचा वासच तसा असतो, जुन्या लाकडाचा. फरक बघ." तिने ही आणि कालची खराब अशा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या आणि पाच मिनिटं, सगळं काम थांबवून, रितिकाला फरक दाखवला. रितिका वहीत लिहीत होती. त्या वेळी तिचा चेहरा मी पाहिला. ती चुकली होती आणि तिला त्याची भीती वाटत नव्हती.

पौनीकर सर हे दारातून बघत होते. आत आले नाहीत.

संध्याकाळी मुलांच्या शिकवणीला परीक्षकांनी त्यांना नेहमीप्रमाणे पुढे बोलावलं. एका जुन्या ओळखीच्या परीक्षकाने ग्लास त्यांच्या हाती दिला. "पौनीकर, तुम्ही सुरुवात करा. काय येतं?"

सरांनी ग्लास टेबलावर ठेवला. "मला वास येत नाही आता," ते म्हणाले. "दोन वर्षं होत आली. दुसऱ्या कोणाला विचारा."

हॉलमध्ये पन्नासेक मुलं होती. हर्षितने खाली बघितलं. परीक्षकाने सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि ग्लास पुढच्या मुलाकडे सरकवला. सर मागे येऊन माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले आणि तासभर सगळं ऐकत राहिले. मुलं सांगत होती, लिंबाची पानं, मध, ओला दगड. प्रत्येक शब्दावर ते डोळे मिटायचे.

हर्षितचा अकरावा नंबर आला. मागच्या खोलीतल्या मुलांपैकी एकाला दरवर्षी पहिल्या पातळीच्या शिक्षणाची फी मिळते, ती रीनाने रितिकाला देववली. वायनरीतलं काम त्या वर्षी दुसऱ्या कोणाला गेलं. पुढच्या वर्षी रितिका पुन्हा स्वतःच्या खर्चाने ग्लास भरायला गेली आणि त्या हंगामात तिला दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत घेतलं. आता ती तिथेच आहे. टाक्यांमधल्या वाईनचा रोज वास घेऊन नोंद करणं हे तिचं काम.

सरांनी जून २०२३मध्ये वाईनचा विषय सोडला. प्रिन्सिपल राहा म्हणाले होते, पुस्तकावरून शिकवा म्हणाले. सर नाही म्हणाले. दुसरा शिक्षक मिळाला नाही, दोन वर्षांनी विषयच बंद झाला. सरांना रिसेप्शनचं काम शिकवायला दिलं: पाहुण्याशी कसं बोलायचं, फोन कसा उचलायचा. ते मन लावून शिकवतात. मात्र दर डिसेंबरला नोटीस लावतात, आणि ज्यांना नाशिकला मागच्या खोलीत जायचं आहे त्यांचे फॉर्म स्वतः भरून देतात. गेल्या जानेवारीत चार मुलं गेली. सर गेले नाहीत.

चौपन्न शिश्या त्यांनी रितिकाला देऊ केल्या होत्या, ती दिंडोरीला निघाली तेव्हा. ती म्हणाली, "नको सर. माह्या मी भरीन." बोलणं साधंच होतं, पण सरांनी शिश्यांची पेटी परत खाली ठेवली तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागलं.

गेल्या दिवाळीत ती सुट्टीवर आली आणि सरांच्या घरी गेली. मीही होते. गोळीबार चौकातलं दोन खोल्यांचं घर, जयाताईंनी चिवडा आणि चहा केला. रितिका थोडी भरली होती, मोकळी बोलत होती. नव्या टाकीचं सांगत होती, रीना मॅडम आता परीक्षक झाल्याचं सांगत होती. मग एकदम म्हणाली, "सर, एक विचारू का?"

"विचार ना."

"तुमाले वास आठवतात का?"

जयाताई आत जाता जाता थांबल्या. "पहिले दोन वर्षं आठवत होते," सर म्हणाले. "डोळे मिटले की यायचे. मोहाचं फूल म्हटलं की मोहाचं फूल यायचं. मग कमी कमी होत गेले. आता नावंच आठवतात."

चहा पिऊन झाल्यावर रितिकाने बशीतला चिवडा संपवला, जयाताईंच्या पाया पडली, सरांच्याही पडली. सर तिला ऑटोत बसवून द्यायला चौकापर्यंत आले, मीही सोबत होते. ऑटो गेल्यावर आम्ही परत फिरलो.

"मॅडम," ते चालता चालता म्हणाले, "तिनं मला माफ केलं असेल का?"

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

मीही तिला कधी विचारलं नाही. त्या दिवशी तिसऱ्या ग्लासातला ओल्या खोक्याचा वास मलाही आला होता आणि मी तो ग्लास धुऊन टाकला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.